एमएसवर संशोधन करायचंय? मग सुरुवात अशी करा

मल्टिपल स्क्लेरॉसिस, म्हणजे एमएस, या आजारावर काम करणारा न्यूरोसायंटिस्ट व्हायचं असेल तर एक गोष्ट आधीच मान्य करून टाका: नुसता मेंदू शिकून भागणार नाही. आजार दिसतो मेंदूत आणि मज्जारज्जूत, पण हल्ला करणाऱ्या पेशी येतात रक्तातून. म्हणून या क्षेत्रात टिकलेली माणसं अर्धी न्यूरोसायन्सची असतात आणि अर्धी इम्युनॉलॉजीची, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या शास्त्राची. तिसरा अर्धा भाग संख्याशास्त्राचा. बेरीज जुळत नाही, पण काम तसंच असतं.

विज्ञानाची किंवा वैद्यकाची पदवी हातात आहे किंवा येऊ घातली आहे आणि पुढची दहा वर्षं कशी लावावीत हा प्रश्न आहे, अशांसाठी हे लिहिलंय.

पहिली पायरी: आजाराची नीट ओळख

१८६८ मध्ये पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयात जाँ-मार्तँ शार्को यांनी रुग्णाची लक्षणं आणि मृत्यूनंतर मेंदूत दिसणारे घट्ट झालेले चट्टे यांची सांगड घातली आणि हा स्वतंत्र आजार म्हणून मांडला. आज जगात २८ लाखांहून अधिक लोक एमएससह जगतात. सुरुवात बहुधा विशी ते चाळिशीच्या दरम्यान होते, आणि स्त्रियांमध्ये प्रमाण पुरुषांच्या दुप्पट किंवा त्याहूनही जास्त असतं.

घडतं ते थोडक्यात असं. चेतापेशीच्या लांब तंतूभोवती मायलिनचं वेष्टन असतं. ते ऑलिगोडेंड्रोसाइट नावाच्या पेशी बनवतात. एमएसमध्ये टी आणि बी या प्रतिकारपेशी रक्त आणि मेंदू यांच्यामधली भिंत ओलांडून आत येतात, दाह होतो, मायलिन उतरतं. उघड्या पडलेल्या तंतूतून संदेश हळू जातो किंवा अडतो. काही ठिकाणी मायलिन पुन्हा चढतं, काही ठिकाणी नाही, आणि जिथे चढत नाही तिथे पुढे तंतूच मरण्याचा धोका वाढतो. बहुतेक रुग्णांमध्ये आजार सुरुवातीला झटक्याझटक्याने येतो आणि मधल्या काळात ओसरतो. बऱ्याच जणांमध्ये पुढे तो न ओसरता हळूहळू वाढत राहतो. १० ते १५ टक्के लोकांमध्ये तो पहिल्यापासूनच असा वाढतो.

आता करिअरच्या दृष्टीने महत्त्वाचं. झटके कमी करण्याचा प्रश्न बराचसा हाताशी आला आहे. १९९३ मध्ये इंटरफेरॉन बीटा-१बी हे पहिलं औषध अमेरिकेत मंजूर झालं, २०१० मध्ये फिंगोलिमॉड ही पहिली तोंडाने घ्यायची गोळी आली, आणि २०१७ मध्ये ऑक्रेलिझुमॅब आलं. पहिल्यापासून वाढत जाणाऱ्या एमएससाठी मंजूर झालेलं ते पहिलंच औषध. पण दोन गोष्टी अजून अडलेल्या आहेत. एक, झटके थांबल्यावरही आतल्या आत चालू राहणारी हानी. दोन, गेलेलं मायलिन परत आणणं. नव्या माणसाने या दोन्हींपैकी एकाच्या जवळ उभं राहावं असं माझं मत आहे. झटके कमी करणारं आणखी एक औषध शोधायला मोठ्या कंपन्या समर्थ आहेत.

वाचनाची सुरुवात परीक्षण-लेखांनी करू नका, निदानाच्या निकषांनी करा. मॅकडोनाल्ड निकष २००१ मध्ये आले आणि पुढे अनेकदा सुधारले गेले. ताज्या सुधारणेत डोळ्याच्या नसेला चट्ट्यांच्या जागांमध्ये स्थान मिळालं आहे. हे निकष वाचताना कळतं की एमएस सिद्ध करणारी एकच एक चाचणी नाही. एमआरआय, पाठीतून काढलेलं पाणी आणि डॉक्टरची तपासणी यांचा मेळ घालावा लागतो. सोबत ईडीएसएस ही अपंगत्व मोजण्याची ० ते १० ची पट्टीही बघून घ्या. जॉन कर्ट्झके यांनी ती आजच्या रूपात १९८३ मध्ये मांडली. चारच्या पुढे ती जवळजवळ चालण्याचंच मोजमाप होऊन बसते. हातांची सफाई, स्मरणशक्ती, थकवा यांना तिच्यात फारसा वाव नाही. "औषधाने अपंगत्व थांबलं" असं एखाद्या पेपरमध्ये वाचाल तेव्हा हे आठवा.

दुसरी पायरी: पदवी

यावर लोक नको इतका विचार करतात. जीवशास्त्र, जैवतंत्रज्ञान, औषधनिर्माण, वैद्यक, मानसशास्त्र, भौतिकशास्त्र, संगणक, यांपैकी कुठूनही येता येतं. एमआरआयवर काम करणारे कितीतरी जण मूळचे भौतिकशास्त्रातले किंवा अभियांत्रिकीतले आहेत. वैद्यकीय पदवी असेल तर रुग्ण, नमुने आणि औषधचाचण्या यांचं दार सोपं उघडतं, पण प्रयोगासाठी वेळ चोरावा लागतो. नसेल तर वेळ मिळतो, पण सोबतीला एखादा न्यूरॉलॉजिस्ट लागतोच. तुमची पदवी कोणतीही असो, इम्युनॉलॉजी आणि संख्याशास्त्र यांचा प्रत्येकी एक पक्का अभ्यासक्रम करून ठेवा.

तिसरी पायरी: प्रश्न निवडा, तंत्र नंतर

नवखे लोक बऱ्याचदा उलटं करतात. "मला सिंगल-सेल सिक्वेन्सिंग (एकेका पेशीतली जनुकीय माहिती वाचण्याचं तंत्र) शिकायचंय" म्हणून लॅब निवडतात. तंत्रं पाच वर्षांत जुनी होतात, चांगला प्रश्न होत नाही.

सध्या चार-पाच वाटा जिवंत आहेत. पहिली विषाणूची. २०२२ च्या जानेवारीत अल्बेर्टो अस्केरिओ आणि त्यांच्या गटाने 'सायन्स'मध्ये दाखवलं की एप्स्टीन-बार विषाणूच्या संसर्गानंतर एमएसचा धोका ३२ पटींनी वाढतो. अमेरिकी सैन्यातल्या १ कोटीहून अधिक लोकांमधून त्यांना एमएस झालेले ८०१ जण नमुन्यांसह सापडले, आणि त्यांतला फक्त एक जण आजार सुरू होण्याआधीच्या शेवटच्या नमुन्यात विषाणूमुक्त होता. हे शक्य झालं कशामुळे? एचआयव्हीच्या नेमाने होणाऱ्या चाचण्यांतून उरलेलं रक्तद्रव्य सैन्याने वर्षानुवर्षं गोठवून ठेवलं होतं म्हणून. त्याच वर्षी 'नेचर'मध्ये आणखी एक दुवा आला: या विषाणूचं ईबीएनए-१ हे प्रथिन आणि मेंदूतलं ग्लायलकॅम हे प्रथिन यांच्यात इतकं साम्य आहे की एकाच अँटिबॉडीची दोन्हींवर पकड बसते. तरीही मोठा प्रश्न शिल्लक आहे. हा विषाणू जवळजवळ प्रत्येक प्रौढाच्या शरीरात असतो, मग एमएस मोजक्यांनाच का? या एका ओळीवर अजून कित्येक पीएच.डी. होतील.

दुसरी वाट जनुकांची. २०१९ पर्यंत एमएसच्या धोक्याशी जोडलेल्या २३३ जनुकीय खुणा सापडल्या होत्या, आणि त्यांचा रोख बहुतांशी प्रतिकारपेशींकडे होता. मात्र २०२३ मध्ये आजार किती वेगाने वाढतो याच्याशी जोडलेली पहिली ठोस खूण मिळाली तेव्हा तिचा संबंध मेंदूतच जास्त दिसला. आई आणि वडील दोघांकडूनही ही खूण आलेल्यांना चालायला आधाराची गरज सुमारे चार वर्षं आधी लागते. म्हणजे आजार लागण्याची कारणं वेगळी आणि तो बळावण्याची वेगळी. प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं झटके थांबवतात पण हळू चालणारी हानी पूर्ण थांबवत नाहीत, याचा धागा इथे सापडू शकतो. माझ्या मते ही सध्याची सगळ्यात दमदार वाट आहे, आणि ज्याला मायक्रोग्लिया (मेंदूतल्याच प्रतिकारपेशी) व जनुकं दोन्ही कळतात त्याला इथे भरपूर काम मिळेल.

तिसरी वाट मायलिन दुरुस्तीची. सान फ्रान्सिस्कोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या गटाने क्लेमास्टिन हे ॲलर्जीचं जुनं औषध घेतलं आणि २०१७ मध्ये ५० रुग्णांवरच्या चाचणीचा निकाल जाहीर केला. डोळ्यापासून मेंदूपर्यंत संदेश पोचायला लागणारा उशीर सरासरी १.७ मिलिसेकंदांनी कमी झाला. आकडा किरकोळ वाटतो, पण जुन्या इजेतही मायलिन परत येऊ शकतं याची ती खूण होती. अडचण अशी की मायलिन खरंच परत आलं का, हे जिवंत माणसात थेट मोजायचं खात्रीचं साधन अजून नाही. ते बनवणं हीच चौथी वाट: एमआरआय, डोळ्याच्या पडद्याची जाडी प्रकाशाने मोजणारी ओसीटी तपासणी, रक्तातलं न्यूरोफिलामेंट, म्हणजे चेतातंतू तुटल्यावर रक्तात येणारं प्रथिन. मापनाच्या कामाला झगमगाट कमी असतो, पण प्रत्येक औषधचाचणीला त्याची गरज लागते.

पाचवी वाट नोंदवह्यांची, म्हणजे रोगपरिस्थितीविज्ञानाची. डेन्मार्कची एमएस नोंदवही १९५६ पासून चालू आहे. संयम असेल तर ही सोन्याची खाण आहे.

चौथी पायरी: प्रत्यक्ष लॅबमध्ये

इथे जरा जास्त थांबतो, कारण पुस्तकात हे मिळत नाही.

उंदरावरचं सर्वांत प्रचलित मॉडेल म्हणजे ईएई, म्हणजे प्राण्यात मुद्दाम घडवलेला एमएससारखा आजार. त्याची मुळं १९३३ मध्ये रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये टॉमस रिव्हर्स यांनी माकडांवर केलेल्या प्रयोगांत आहेत. आज बहुतेक ठिकाणी काळ्या सी५७ब्लॅक/६ उंदराला मायलिनमधल्या मॉग प्रथिनाचा छोटा तुकडा तेलकट मिश्रणात घोटून कातडीखाली देतात. सोबत पर्टुसिस विष, म्हणजे डांग्या खोकल्याच्या जंतूचं विष. साधारण नवव्या ते चौदाव्या दिवसाच्या आसपास पहिलं लक्षण दिसतं. रोज सकाळी एकेक उंदीर शेपटीच्या बुडाशी धरून हलकेच उचलायचा. निरोगी उंदीर शेपूट ताठ करतो किंवा बोटाभोवती गुंडाळतो. शेपूट दोरीसारखी लोंबली की गुण १. मागचे पाय डळमळले की २, पूर्ण लुळे पडले की ३. पुढचे पायही गेले की ४.

हे गुण देणाऱ्याला कोणत्या उंदराला औषध दिलंय ते माहीत नसलं पाहिजे. हा नियम सगळे तोंडाने सांगतात. तुम्ही ज्या लॅबमध्ये जाल तिथे तो खरोखर पाळतात का, हे पहिल्याच आठवड्यात बघा. पिंजऱ्यावरच्या चिठ्ठीवर औषधाचं नाव लिहिलेलं दिसलं, तर तिथले आलेख जपून वाचा. आणखी एक: पाय लुळा पडलेला उंदीर पाण्याच्या बाटलीपर्यंत पोचत नाही. ओलं खाद्य खाली ठेवायचं, कोणत्या गुणाला प्रयोग थांबवायचा ते आधीच ठरवायचं, आणि हे सगळं नैतिक समितीच्या परवानगीच्या कागदात लिहिलेलं असायचं. प्राण्यांवर काम करणं मनाला पटत नसेल तर तसं स्पष्ट सांगा. मानवी ऊती, पेशी आणि प्रतिमा यांवर अख्खं करिअर उभं राहू शकतं.

दुसरं मॉडेल क्युप्रिझोनचं, म्हणजे मायलिन बनवणाऱ्या पेशी मारणाऱ्या एका रसायनाचं. खाद्यात ०.२ टक्के क्युप्रिझोन मिसळून पाच-सहा आठवडे दिलं की मेंदूच्या दोन अर्धगोलांना जोडणाऱ्या पट्ट्यातलं मायलिन उतरतं. ते थांबवलं की काही आठवड्यांत परत येतं. इथे टी पेशींची गरजच पडत नाही. म्हणजे दुरुस्ती अभ्यासायला उत्तम, स्वयंप्रतिकार, म्हणजे शरीराने स्वतःवरच केलेला हल्ला, अभ्यासायला जवळजवळ निरुपयोगी.

आणि याच जागी या क्षेत्रातला खरा धडा आहे. प्रत्येक मॉडेल एमएसचा एकच तुकडा दाखवतं. तुमचं मॉडेल कोणता तुकडा दाखवतं हे ज्याला सांगता येतं तो पुढे जातो. ईएईतल्या टी पेशींच्या प्रवेशावरच्या कामातून, १९९२ मध्ये छापलेल्या एका प्रयोगातून, नॅटालिझुमॅब हे प्रभावी औषध आलं. त्याच ईएईत टीएनएफ हा दाह वाढवणारा रेणू अडवला की उंदीर सुधारत होते. माणसांत लेनरसेप्ट देऊन तो अडवल्यावर रुग्णांचे झटके वाढले, असा निकाल १९९९ मध्ये छापून आला. मॉगच्या तुकड्याने घडवलेल्या ईएईला बी पेशी लागतच नाहीत. त्यावरच विसंबून राहिलो असतो तर बी पेशी काढून टाकणारी औषधं, जी आज सर्वांत परिणामकारक औषधांत मोडतात, कदाचित सुचलीच नसती. नॅटालिझुमॅबचीही गोष्ट सरळ नाही: २००४ च्या नोव्हेंबरात मंजुरी, पीएमएल या मेंदूच्या जीवघेण्या संसर्गामुळे २००५ च्या फेब्रुवारीत माघार, आणि २००६ मध्ये कडक देखरेखीसह पुनरागमन. मुलाखतीत ही गोष्ट कारणांसह सांगता आली तर समोरचा खुर्चीत पुढे सरकून बसतो.

हाताने शिकायची पहिली गोष्ट म्हणून मी लक्झॉल फास्ट ब्लू हा मायलिन निळं रंगवणारा रंग सुचवेन. स्लाइड रात्रभर उबदार ओव्हनमध्ये रंगात ठेवायची. सकाळी सगळंच निळं दिसतं. मग लिथियम कार्बोनेटच्या पातळ द्रावणात क्षणभर, अल्कोहोलमध्ये थोडं, की सूक्ष्मदर्शकाखाली. पुन्हा तेच. करड्या भागातला निळा रंग उतरतो, पांढऱ्या भागातला राहतो, आणि जिथे मायलिन नाही तिथे फिकट डाग उघडा पडतो. दोन सेकंद जास्त ठेवली तर चांगलं मायलिनही फिकं पडतं, आणि मग तुम्ही रोग नसलेल्या ठिकाणी रोग मोजता. शिवाय पेशींनी गिळलेले मायलिनचे तुकडेही निळेच दिसतात. डोळा तयार व्हायला महिने लागतात. पुढे अँटिबॉडीने रंगवणं, फ्लो सायटोमेट्री (पेशी एकेक करून मोजण्याचं तंत्र), पेशी वाढवणं हे सगळं येईलच. पण जो स्लाइडवर चट्टा ओळखू शकत नाही त्याचे बाकीचे आकडे मला पटत नाहीत.

पाचवी पायरी: संगणक

आर किंवा पायथन, या दोन प्रोग्रामिंग भाषांपैकी एक अस्खलित यायला हवी. लॅबमध्ये जागा मिळायच्या आधीच सराव सुरू करता येतो, आणि तोही फुकट. एमएसच्या मेंदूतल्या एकेका पेशीकेंद्रकाची माहिती देणारे २०१९ आणि २०२१ मधले गाजलेले अभ्यास 'नेचर'मध्ये आहेत आणि अशा अभ्यासांची कच्ची माहिती सार्वजनिक कोठारांत ठेवलेली असते. त्यातली एकच आकृती निवडा आणि ती शून्यापासून पुन्हा काढून बघा. जुळली नाही तर का जुळली नाही ते लिहून ठेवा. अर्जासोबत ही दोन पानं जोडली तर प्रमाणपत्रांच्या गठ्ठ्यापेक्षा जास्त वजन पडतं.

सहावी पायरी: गाईड आणि पीएच.डी.

पीएच.डी.ला युरोपात साधारण तीन-चार वर्षं लागतात, अमेरिकेत पाच-सहा. एवढा काळ एका माणसाच्या हाताखाली काढायचा, म्हणून नावाजलेला गाईड आणि चांगला गाईड यांत फरक करा. लॅबमधून गेल्या पाच वर्षांत बाहेर पडलेले विद्यार्थी आता कुठे आहेत ते शोधा. आत्ता तिथे असलेल्यांशी गाईडच्या अपरोक्ष बोला आणि एकच प्रश्न विचारा: "प्रयोग फसल्यावर इथे काय होतं?" उत्तराआधी किती वेळ शांतता पसरते ते ऐका.

ईमेल लहान लिहा. "आदरणीय सर, आपल्या महान कार्याने प्रभावित होऊन" अशी पत्रं रोज येतात आणि न वाचता जातात. त्याऐवजी त्यांच्या एका पेपरमधली एक आकृती घ्या, तिच्यातून तुम्हाला पडलेला एक खरा प्रश्न दोन ओळींत मांडा, तुम्हाला काय येतं ते दोन ओळींत, आणि कधीपासून येऊ शकता ते एका ओळीत. दोन आठवड्यांत उत्तर आलं नाही तर एकदा आठवण करा. दुसऱ्यांदा नको.

मानवी ऊतींवर काम करायचं असेल तर गाईडचा मेंदू-पेढीशी संबंध आहे का ते विचारा. नेदरलँड्सची ब्रेन बँक आणि लंडनच्या इम्पीरियल कॉलेजमधली एमएस ऊती-पेढी या कामासाठी जगभर ओळखल्या जातात. तिथून नमुने मिळवायला लेखी अर्ज, नैतिक मंजुरी आणि बरेच महिने लागतात. तिसऱ्या वर्षी सुचून उपयोग नाही.

सातवी पायरी: पोस्टडॉक, पैसा आणि माणसं

पोस्टडॉकला, म्हणजे पीएच.डी.नंतरच्या संशोधनाच्या काळात, विषय थोडा बदला. पीएच.डी. उंदरांवर झाली असेल तर माणसांच्या नमुन्यांकडे जा, इम्युनॉलॉजीत झाली असेल तर मायलिनकडे. एकाच लॅबमध्ये दोन्ही केलेल्याला स्वतःचं क्षेत्र दाखवणं कठीण जातं.

युरोपातली एक्ट्रिम्स आणि अमेरिकेतली ॲक्ट्रिम्स या एमएस संशोधनाच्या दोन परिषदा महत्त्वाच्या. मोठ्या सभागृहातल्या भाषणांपेक्षा पोस्टरच्या रांगांत जास्त वेळ घालवा. तिथे पेपर छापून यायच्या आधीचं काम दिसतं आणि पोस्टरशेजारी उभा असलेला माणूस बोलायला मोकळा असतो.

संस्थेबाहेरची नोकरीही डोळ्यांसमोर ठेवा. औषध कंपन्यांतलं संशोधन, औषधचाचण्यांची आखणी, प्रतिमांचं विश्लेषण, नियामक संस्था, वैद्यकीय लेखन, इथे एमएसचं शिक्षण पुरेपूर कामी येतं. स्वतःच्या लॅबच्या जागा पीएच.डी. होणाऱ्यांच्या मानाने कमी आहेत. त्यामुळे बाहेर जाणं म्हणजे अपयश असं कुणी सुचवलं तर तिकडे दुर्लक्ष करा.

रुग्णांशी संबंध पहिल्या वर्षापासून ठेवा. एमएसच्या संघटना संशोधनाला पैसा देतात आणि काही ठिकाणी अर्ज तपासणाऱ्या समितीत एमएस असलेल्या व्यक्तीही बसतात. तुमच्या अर्जाचा साध्या भाषेतला सारांश त्या वाचतात. तो शेवटच्या रात्री उरकू नका.

कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांतल्या संशोधकांसाठी एमएस इंटरनॅशनल फेडरेशनची मॅकडोनाल्ड फेलोशिप आहे. परदेशातल्या प्रस्थापित संस्थेत काम करायला तिचा उपयोग होतो. थोड्या काळासाठी जायचं असेल तर त्यांचंच दु प्रे अनुदान आहे. अशा अर्जांना यजमान संस्थेचं पत्र लागतं, म्हणून ओळखी आधी आणि अर्ज नंतर. मुदत संपायच्या निदान तीन महिने आधी यजमानाशी बोला, आणि शिफारसपत्र देणाऱ्याला एक महिना आधी तुमचा बायोडेटा, प्रस्तावाचा मसुदा आणि शेवटची तारीख, तिन्ही एकाच ईमेलमध्ये पाठवा.